फोर्ड मॉडेल टी स्पीडस्टर विकत घेण्याआधी : रंगाखालची गाडी कशी तपासावी

'१९२४ फोर्ड स्पीडस्टर, संपूर्ण रिस्टोअर केलेली, कारखान्यातून आली तशी.' अशी जाहिरात दिसली की शेवटचे तीन शब्द वाचून सावध व्हावं. स्पीडस्टर म्हणजे हलकी, खाली बसलेली, दोन माणसांची वेगवान गाडी. १९२०च्या दशकात फोर्डच्या कारखान्यातून स्पीडस्टर नावाची मॉडेल टी (फोर्डची त्या काळची साधी गाडी, पुढे नुसतं 'टी') कधी बाहेर पडलीच नाही. टूरिंग होती, रनअबाउट होती, कूपे होती. स्पीडस्टर तयार व्हायची ती गावातल्या गॅरेजमध्ये, शेतावरच्या शेडमध्ये किंवा घराच्या मागच्या अंगणात. जुनी झालेली टी घ्यायची, तिची बॉडी काढून टाकायची, चासी खाली आणायची, टपालाने मागवलेली दोन माणसांची हलकी बॉडी बसवायची आणि इंजिनावर कुणा दुसऱ्याच कंपनीचं हेड, म्हणजे सिलिंडरांवरचं झाकण, चढवायचं. मर्क्युरीच्या बॉड्या केंटकीतल्या लुइव्हिलहून यायच्या, एम्सच्या त्याच राज्यातल्या ओवेन्सबरोहून. ज्यांना तेवढंही परवडत नसे ते पत्रा वाकवून स्वतःच बनवत.

त्यामुळे या गाडीचा अस्सलपणा एका नंबरात किंवा एका कागदात सापडत नाही. तो एकेका भागात विखुरलेला असतो : हेड कुणाचं, बॉडी कधीची, चाकं कुठली, मागचा धुरा कोणता. पैसे मोजताना हेच भाग मोजायचे. बाकीचा चकचकाट गेल्या वर्षी मारलेल्या रंगाचा असतो.

किसल, ऑबर्न, स्टट्झ यांच्या कारखान्यात बनलेल्या स्पीडस्टरचं जग वेगळं आहे. विस्कॉन्सिनमधल्या हार्टफर्डची पिवळी किसल 'गोल्ड बग' किंवा १९२८ची बोटीसारख्या शेपटीची ऑबर्न घ्यायची असेल, तर तिथे मूळ बॉडी, मूळ इंजिन आणि त्यांचे नंबर यांनाच सगळी किंमत असते. इथे फक्त टीबद्दल लिहितो आहे. पहिल्यांदा या छंदात उतरणाऱ्याने टीच घ्यावी असं माझं मत आहे, कारण तिचे सुटे भाग आजही नवे बनतात आणि ती उघडून दुरुस्त करणारी माणसं अमेरिकेच्या जवळजवळ प्रत्येक राज्यात आहेत.

फोनवरच विचारून घ्या

गाडी बघायला चारशे मैल जाण्याआधी फोटो मागवा. विक्रेते समोरून तिरके काढलेले, उन्हात चमकणारे फोटो पाठवतात. तुम्हाला हवे असतात ते वेगळे : इंजिनाच्या डाव्या बाजूचा, पाणी आत जातं त्या जागेच्या वर कोरलेल्या नंबराचा, हेडवरच्या ओतीव अक्षरांचा, समोरच्या धुऱ्याचा खालून, मागच्या चाकांच्या आतल्या बाजूचा, ब्रेक दिसेल असा, आणि सीट काढून बॉडीच्या लाकडी सांगाड्याचा. हे फोटो द्यायला जो टाळाटाळ करतो त्याच्याकडे जाऊ नये.

मग चार प्रश्न. इंजिनातलं बॅबिट, म्हणजे बेअरिंगमध्ये ओतायचा मऊ मिश्रधातू, कुणी आणि कधी ओतलं? क्रँकशाफ्ट कोणता आहे? मागच्या धुऱ्यात पितळी थ्रस्ट वायसर (बाजूचा दाब झेलणाऱ्या चकत्या) घातले आहेत का? चाकांवर वेगळे ब्रेक आहेत का? ज्याने गाडी खरंच उघडून बांधली आहे तो या प्रश्नांवर तासभर बोलेल, तुम्हाला फोन ठेवू देणार नाही. ज्याने फक्त रंग मारून घेतला आहे तो 'सगळं नवीन आहे' म्हणेल.

कागद आणि नंबर

अमेरिकेत गाडीची मालकी राज्याने दिलेल्या टायटलवर ठरते, आणि टीच्या बहुतेक टायटलवर इंजिनाचा नंबर हाच गाडीचा नंबर म्हणून लिहिलेला असतो. चासीवरही नंबर ठोकायला फोर्डने सुरुवात केली ती १९२६च्या मॉडेलांच्या वेळी. त्याआधीच्या चासीवर नंबर शोधत बसू नका. शंभर वर्षांत इंजिनं बदलली गेली आहेत, स्पीडस्टरची तर हमखास. म्हणून टायटलवरचा नंबर आणि ब्लॉकवरचा नंबर स्वतःच्या डोळ्यांनी, टॉर्च लावून जुळवायचे. ते जुळत नसतील तर किंमत कमी करून मागणं पुरेसं नाही. आधी विक्रेत्याने आपल्या राज्यात कागद नीट करून घ्यावा, मग बोलू, असं सांगावं. नाहीतर ती गाडी दुसऱ्या राज्यात नावावर करताना तुमचे महिने जातात.

नंबर आणि वर्ष यांचा मेळ घालणं सोपं आहे, कारण टीच्या इंजिन नंबरांची वर्षवार यादी क्लबांकडे सहज मिळते आणि फोर्डच्या जुन्या नोंदी डिअरबॉर्नच्या बेन्सन फोर्ड संशोधन केंद्रात जपलेल्या आहेत. ब्लॉकवर ओतकामाची तारीखही असते. नंबर १९२२चा आणि ओतकाम १९२५चं असेल, तर नंबर नंतर ठोकलेला आहे. नंबराच्या आधी सी अक्षर असेल तर इंजिन कॅनडातलं. भारतात त्या काळी आलेल्या टी बहुतेक याच घराण्यातल्या, कारण ब्रिटिश साम्राज्यातल्या देशांना उजव्या स्टिअरिंगच्या गाड्या फोर्डची कॅनडातली कंपनी पुरवायची. आपल्याकडच्या एखाद्या जुन्या संस्थानिकाच्या किंवा व्यापाऱ्याच्या घरची टी पाहायला मिळाली तर हे अक्षर जरूर शोधा.

'ही गाडी तेव्हा शर्यतीत धावली होती' हे वाक्य ऐकायला मिळणारच. फ्रंटी हेड (शेव्हरोले बंधूंचं, त्याबद्दल पुढे इंजिनाच्या भागात) असलेल्या प्रत्येक गाडीचा मालक एल. एल. कोरम या शर्यतवाल्याचं नाव घेतो. १९२३च्या इंडियानापोलिस ५०० या शर्यतीत बार्बर-वॉरनॉक या फोर्ड डीलरांनी उभी केलेली फ्रंटी हेडची टी त्याने पाचवी आणली, हे खरंच आहे. पण त्या गोष्टीचा तुमच्यासमोरच्या गाडीशी संबंध काय? जुना फोटो हवा, आणि त्या फोटोत गाडी ओळखता येईल अशी खूण हवी : बॉडीचा एखादा विशिष्ट कट, टाकीचा पट्टा, बॉनेटवरच्या खाचा. तसं काही नसेल तर या कथेसाठी एक डॉलरही जास्त देऊ नये.

गाडी थंड असताना पोहोचा

विक्रेत्याला आधीच सांगा की इंजिन सुरू करून ठेवू नका. गेल्याबरोबर रेडिएटरवर हात ठेवा. तो कोमट लागला तर गाडी थंडपणी सुरू व्हायला त्रास देते एवढं कळलं.

आता चटई टाकून खाली झोपा. या तपासणीतला सगळ्यात मोलाचा अर्धा तास हाच. नटबोल्टांकडे पाहा. फोर्डने टीच्या महत्त्वाच्या सगळ्या नटांना खाचा ठेवल्या होत्या आणि त्यातून कॉटर पिन, म्हणजे नट सैल होऊ नये म्हणून घालायची दुमडती पिन, जायची. स्टिअरिंग, समोरचा धुरा, त्याला मागे धरणारा व्ही आकाराचा दांडा, पाट्यांचे शॅकल, कुठेही पिन नसेल किंवा पिनेच्या जागी तार पिळलेली असेल, तर बांधणाऱ्याचा हात कसा आहे ते समजलं. मी रंग शेवटी पाहतो, पिना आधी.

चासी खाली आणली असेल तर कशी आणली ते बघा. त्या काळी लॉरेलसारख्या कंपन्यांचे खास ब्रॅकेट मिळायचे, काही जण चासी कापून झेड आकारात वेल्ड करत. काम चांगलं असेल तर दोन्ही चालतं. खरी तपासणी समोरच्या धुऱ्याच्या कलाची. मूळ टीमध्ये किंगपिनचं (पुढचं चाक जिच्याभोवती वळतं त्या उभ्या पिनेचं) वरचं टोक साधारण ५ अंश मागे झुकलेलं असतं, त्यामुळे वळण संपलं की चाकं आपोआप सरळ होतात. पुढची बाजू खाली आणून मागची तशीच ठेवली की हा कल कमी होतो आणि ३०-३५ मैलांच्या वेगाला पुढची चाकं थरथरू लागतात. सपाट जमिनीवर, धुऱ्याच्या टोकाशी कोन मोजायचं साधं उपकरण लावा. दोन मिनिटांचं काम आहे.

मग समोरची दोन्ही चाकं जॅकवर घ्या आणि स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा. टीचं स्टिअरिंग चाकाखालच्या छोट्या ग्रहगिअरांवर चालतं आणि खालचा आखूड हात आडव्या दांड्याला ढकलतो. पूर्ण वळणावर हा हात आणि दांडा एका रेषेत येत असतील, तर स्टिअरिंग तिथे उलटू शकतं : तुम्ही सरळ करायला फिरवता आणि चाकं आणखी वळतात. मूळ गाडीतही हे झिजेमुळे व्हायचं. खाली आणलेल्या गाडीत दांड्याची लांबी आणि कोन बदलल्यामुळे धोका वाढतो. असं आढळलं तर गाडी चालवून बघायचा विचार त्या दिवसापुरता सोडून द्यावा.

चाकं लाकडी आऱ्यांची असतील तर प्रत्येक आरा हाताने धरून हलवा. कुरकुर आली तर आरे सुकलेत. तारेच्या चाकांमध्ये फोर्डची स्वतःची २१ इंची चाकं १९२६-२७ची, त्याआधीची बफेलो, हेज, हाउस अशा बाहेरच्या कंपन्यांची. जुनी चौकडी मिळणं अवघड, म्हणून तिला भाव असतो. क्लिंचर टायर (रिमच्या दुमडलेल्या कडेत अडकून बसणारे) असतील तर हवा ५५ ते ६० पौंड लागते. कमी हवेवर टायर रिमवर सरकतो, ट्यूबचा व्हॉल्व्ह तुटतो आणि वळणावर टायर निघूनही येऊ शकतो.

मागचा धुरा आणि ब्रेक, इथे घाई नको

टीचा पायाने दाबायचा ब्रेक चाकांवर नसतो. तो इंजिनामागच्या गिअरबॉक्समधल्या ड्रमभोवतीचा पट्टा आवळतो. म्हणजे चाकं थांबवण्याचा सगळा जोर प्रोपेलर शाफ्ट, पिनियन, क्राउन गिअर आणि दोन अर्ध्या धुऱ्यांमधून जातो. या साखळीतली एक कडी सुटली की ब्रेक गेला. हातब्रेक तेवढा मागच्या ड्रमवर असतो, पण १९२५पर्यंतच्या गाड्यांत ते ड्रम लहान आणि शू ओतीव लोखंडाचे, अस्तराविना. गाडी उभी करून ठेवायला ठीक, उतारावर थांबवायला नाही. १९२६पासून फोर्डने गिअरबॉक्समधला पट्टा रुंद केला आणि मागचे ड्रम ११ इंची, अस्तर लावलेले दिले. म्हणून स्पीडस्टरसाठी मला मागचा धुरा शक्यतो १९२६-२७चाच हवा असतो, पुढचं रूप कितीही जुन्या सालाचं असो.

आता साखळीतली कमकुवत कडी. डिफरन्शिअलच्या दोन्ही बाजूंना फोर्डने बॅबिटचे थ्रस्ट वायसर घातले होते. शंभर वर्षांनी हा मऊ मिश्रधातू भुगा होऊन पडतो. वायसर गेले की क्राउन गिअर पिनियनपासून दूर सरकतो, दाते सुटतात, आणि त्या क्षणी इंजिनाची ओढही गेली आणि पायाचा ब्रेकही. धुरा उघडल्याशिवाय वायसर दिसत नाहीत. पण बाजूचा बूच काढून आतलं थोडं तेल पांढऱ्या कागदावर घ्या. त्यात राखाडी चकाकते कण दिसले आणि ते चुंबकाला चिकटले नाहीत तर ते बॅबिट आहे. चिकटले तर पोलाद, म्हणजे गिअर किंवा बेअरिंग झिजतंय. पितळी वायसर घातल्याचं बिल आणि धुरा उघडलेला असतानाचे फोटो दोन्ही मागा. नसतील तर किमतीतून पूर्ण धुरा उघडण्याचा खर्च वजा करूनच बोलणी सुरू करा, आणि काम होईपर्यंत गाडी रस्त्यावर काढू नका.

रक्सटेलचा दोन वेगांचा धुरा असेल तर आनंदाची गोष्ट. फोर्डचे डीलर तो त्या काळीच विकत होते, डोंगराळ रस्त्यावर तो फार कामाचा आणि अस्सल भाग म्हणून किंमतही वाढवतो. वॉरफर्डचा जादा गिअरबॉक्स असेल तर तोही तसाच. मात्र या दोन्हींमुळे एक नवी जोखीम येते. गिअर टाकताना तो मध्येच अडकला तर इंजिन आणि चाकं यांचा संबंध तुटतो, आणि त्याबरोबर पायाच्या ब्रेकचाही. त्यामुळे असा भाग असलेल्या गाडीला मागच्या चाकांवर स्वतंत्र ब्रेक हवेतच. रॉकी माउंटन नावाने ओळखले जाणारे, ड्रमवर बाहेरून आवळणारे ब्रेक त्या काळापासून प्रचलित आहेत आणि आजही नवे मिळतात. विक्रेता म्हणाला की 'मी चाळीस वर्षं याशिवाय चालवतोय', तर त्याला शुभेच्छा द्या आणि ब्रेकचा खर्च किमतीतून वजा करा.

शेवटी मागचं एकेक चाक उचलून आत-बाहेर आणि वर-खाली हलवा. हब निमुळत्या धुऱ्यावर चावीने, म्हणजे खाचेत बसणाऱ्या छोट्या लोखंडी तुकड्याने, बसतो. नट सैल राहिला की चावी झिजते, धुरा झिजतो आणि एक दिवस चाक वेगळं होतं. हबकॅप काढून नट घट्ट आहे का ते पान्याने बघायला परवानगी मागा. प्रामाणिक विक्रेता स्वतः पाना आणून देतो.

इंजिन

मूळ इंजिन २.९ लिटरचं, चार सिलिंडरचं, २० अश्वशक्तीचं. कॉम्प्रेशन जेमतेम चारास एक. स्पीडस्टरमध्ये यावर तीनपैकी एक काहीतरी केलेलं असतं. एक, मूळ ब्लॉकवर जास्त कॉम्प्रेशनचं सपाट हेड. दोन, त्या काळचं वरच्या व्हॉल्व्हचं हेड : रसीन शहरातलं राजो, लुई शेव्हरोले आणि त्याच्या भावांचं फ्रंटेनॅक म्हणजे फ्रंटी, किंवा अँडरसन शहरातल्या रॉबर्ट रूफचं सोळा व्हॉल्व्हचं. तीन, याच हेडांची अलीकडे ओतलेली प्रतिकृती. दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकाराच्या किमतीत जमीन-अस्मानाचं अंतर असू शकतं. जुन्या हेडवर ओतकामाचे खडबडीत कोपरे, पाण्याच्या खोबणीत गंजाने खाल्लेल्या जागा, कधीकाळी भरलेल्या भेगा दिसतात. बाहेर चकचकीत आणि आतून कोऱ्या कढईसारखं दिसणारं हेड जुनं असण्याची शक्यता कमी. प्रतिकृती वाईट नसते, चालवायला कित्येकदा बरीच. फक्त तिचे पैसे प्रतिकृतीचे असावेत.

हेडवर भाळून लोक क्रँकशाफ्ट विसरतात. टीचा क्रँकशाफ्ट तीन बेअरिंगवर फिरतो, त्याचे जर्नल, म्हणजे बेअरिंगमध्ये फिरणारे भाग, सव्वा इंचाचे, आणि तो २० अश्वशक्तीसाठी बनवला होता. राजो किंवा फ्रंटी लावून त्यातून दुप्पट ताकद काढली की तो तुटतो, कधी महिन्यात, कधी दहा वर्षांत. म्हणून वरच्या व्हॉल्व्हच्या इंजिनात एकतर मॉडेल ए फोर्डचा जाड क्रँकशाफ्ट बसवलेला असावा किंवा आज नवा घडवलेला, वजनं लावलेला. हा बदल बाहेरून दिसत नाही आणि संग्रहाच्या दृष्टीने गाडीची किंमतही कमी करत नाही. बिल मात्र हवं. जुनाच शाफ्ट आहे आणि चुंबकीय तपासणीत भेग नाही असा कागद असेल तर तो मान्य करावा, पण मग गाडी ४५ मैलांच्या वर हाकू नये.

ब्लॉकच्या बाजूंवरून बोट फिरवा. हिवाळ्यात पाणी गोठून फुटलेल्या ब्लॉकची भेग पितळेने किंवा पिनांनी भरलेली असते. रंगाखाली तिची कड बोटाला लागते. नीट भरलेली भेग चालते. व्हॉल्व्हच्या जागेतून सिलिंडरकडे गेलेली भेग चालत नाही.

इग्निशन बंद ठेवून समोरच्या पुलीला लाकडाचा टेका द्या आणि क्रँकशाफ्ट पुढे-मागे ढकला. हालचाल डोळ्यांना सरळ दिसत असेल तर मागचं मेन बेअरिंग झिजलंय. याचा परिणाम फक्त बेअरिंगपुरता राहत नाही. फ्लायव्हीलवरची सोळा चुंबकं मॅग्नेटोच्या (ठिणगीसाठी वीज बनवणाऱ्या यंत्रणेच्या) कॉइलपासून एक मिलिमीटरपेक्षाही कमी अंतरावर फिरतात. शाफ्ट पुढे आला की चुंबकं कॉइलला घासतात, मागे गेला की मॅग्नेटो मरतो. 'बॅटरीवर चांगली चालते' असं विक्रेता म्हणाला की लगेच मॅग्नेटोवर चालवून दाखवायला सांगा. मॅग्नेटो दुरुस्त करायचा तर इंजिन आणि गिअरबॉक्स दोन्ही एकत्र बाहेर काढावे लागतात. गाडीला बॉशचा डिस्ट्रिब्युटर असेल तर मॅग्नेटोची गरज नाही, आणि त्या काळी शर्यतवाले तो लावतच. लाकडी पेटीतल्या चार कॉइल असतील तर आतले कंडेन्सर नवे टाकलेत का ते विचारा. जुने राहिले असतील तर ठिणगी लहरी असते आणि दोष कार्बोरेटरवर येतो.

पेट्रोल हा स्पीडस्टरचा खास विषय. मूळ टीत टाकी सीटखाली असल्याने पेट्रोल उतरत्या नळीने आपोआप कार्बोरेटरला जायचं, आणि उभ्या चढावर ते पोहोचत नसे म्हणून लोक गाडी उलटी चढवायचे. स्पीडस्टरमध्ये गोल टाकी मागे आणि बॉडी खाली, त्यामुळे उतार आणखी कमी. टाकीला हवेचा हातपंप आहे, व्हॅक्यूम टाकी आहे की लपवलेला विजेचा पंप, ते पाहा. काहीच नसेल तर चढावर गाडी बंद पडणार.

चालवून पाहणं

आधी विक्रेत्याने चालवावी, तुम्ही शेजारी बसा. टीला पायाने दाबायचा ॲक्सिलरेटर नसतो. थ्रॉटल स्टिअरिंगखाली उजव्या हाताला, ठिणगी पुढे-मागे करायचा दांडा डाव्या हाताला. तीन पेडलांपैकी डावं पूर्ण दाबलं की लो (हळू गिअर), अर्धं दाबलं की न्यूट्रल, सोडलं की हाय (वेगाचा गिअर). मधलं रिव्हर्स. उजवं ब्रेक. इतर गाड्यांची सवय पायांत मुरलेली असल्याने पहिल्यांदा चालवणारा घाबरला की डावं पेडल दाबतो आणि गाडी थांबायच्या ऐवजी लोमध्ये रेटा देते. रिकाम्या मैदानात सराव केल्याशिवाय रस्त्यावर जाऊ नका.

हँडल मारायची वेळ आली तर ठिणगीचा दांडा पूर्ण वर, म्हणजे ठिणगी उशिरा. हातब्रेक मागे ओढलेला. हँडल डाव्या हाताने, अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवून, खालून वर ओढायचं. वरून खाली दाबायचं नाही. ठिणगी लवकर पडली तर हँडल उलटं फिरतं, आणि अंगठा गुंडाळलेला असेल तर मनगट मोडतं.

वाटेत ३० मैलांच्या आसपास थ्रॉटल सोडून गाडी नुसती घरंगळू द्या आणि ऐका. हलका दुहेरी खडखडाट आला तर कनेक्टिंग रॉडचं बॅबिट. चढावर जोर लावताना जड ठोका आला तर मेन बेअरिंग. हायमध्ये पेडल सोडल्यावर गाडी झटका देऊन निघत असेल तर क्लच, लोमध्ये ओढत नसेल तर पट्टा. पट्टे बदलणं हे नेहमीचं काम, त्यावरून गाडी नाकारू नये. मागच्या धुऱ्यात स्पीडस्टरसाठी ३:१चे गिअर घातले असतील तर सपाट रस्त्यावर ती मस्त पळेल आणि लहानशा टेकडीवर लो मागेल. मूळ प्रमाण ३.६४:१ होतं. तुम्ही राहता तिथे चढ किती आहेत याचा विचार करा.

परत आल्यावर रेडिएटरच्या जाळीवर हात फिरवा. टीत मूळचा पाण्याचा पंप नाही, गरम पाणी आपोआप वर चढतं आणि थंड होऊन खाली येतं. जाळीत थंड पट्टे लागले तर तेवढ्या नळ्या बुजल्या आहेत.

बॉडी, आणि मग किंमत

बॉडीवर बनवणाऱ्याची पट्टी असेल तर उत्तम, पण पट्ट्याही नव्या बनतात. सीट काढून लाकूड बघा. जुन्या लाकडात खिळ्यांची काळी पडलेली भोकं, कधीकाळच्या दुरुस्तीचे तुकडे, पत्र्याच्या आतल्या बाजूला जुन्या रंगाचे थर सापडतात. रूटलीबसारख्या कंपन्यांनी अलीकडे बनवलेल्या बॉड्या आतूनही एकसारख्या, स्वच्छ असतात. त्यातही काही वाईट नाही. आजच्या मेळाव्यांत दिसणाऱ्या कितीतरी स्पीडस्टर अशाच आहेत आणि लोक त्या मजेत चालवतात. विक्रेत्याने ते सांगितलं का, एवढंच पाहायचं.

किंमत ठरवताना मी भागांची यादी करतो : जुनं हेड, जुनी बॉडी, जुनी चाकं, रक्सटेल, जुना कार्बोरेटर. प्रत्येकाचा सुटा बाजारभाव पेनसिल्व्हेनियातल्या हर्शीला ऑक्टोबरात भरणाऱ्या मेळ्यात फिरून कळतो. त्यात धावत्या, नीट बांधलेल्या साध्या टीची किंमत मिळवायची. रिस्टोरेशनवर मालकाने किती खर्च केला हे ऐकून घ्यावं, पण बेरजेत धरू नये. बॅबिट, क्रँकशाफ्ट आणि धुरा यांची बिलं असतील तर तेवढाच भाग धरावा. आणि स्वतःला खात्री नसेल तर मॉडेल टी फोर्ड क्लब ऑफ अमेरिकाच्या स्थानिक शाखेतल्या एखाद्या जाणकाराला दिवसभरासाठी बरोबर न्या. असा माणूस मानधन बहुधा घेत नाही, जेवण मात्र चांगलं द्यावं.

गाडी भारतात आणायचा विचार असेल तर एक अडचण आधीच लक्षात घ्या. व्हिंटेज गाड्यांच्या नोंदणीसाठी केंद्राने २०२१मध्ये केलेल्या नियमांत पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात राखलेली, मोठे फेरफार न झालेली गाडी अशी व्याख्या आहे. तिला व्हीए अक्षरांचा वेगळा नंबर मिळतो, नव्या नोंदणीचं शुल्क वीस हजार रुपये आणि मुदत दहा वर्षं. आता स्पीडस्टरचं मूळ रूप कोणतं, हे तुम्हाला आरटीओत समजावून सांगावं लागणार. १९२०च्या दशकातच हा बदल झाल्याचा जुना फोटो, बॉडी बनवणाऱ्याचा कॅटलॉग, क्लबच्या जाणकाराचं पत्र हे सगळं गाडीबरोबरच मिळवून ठेवा. काल बांधलेल्या स्पीडस्टरसाठी ते मिळणार नाही. त्यामुळे पुण्या-मुंबईला गाडी आणायची असेल तर जुन्या बॉडीसाठी जास्त पैसे देणं परवडतं. अमेरिकेतच ठेवायची असेल तर नाही.

घरी आल्यावर

पहिल्या आठवड्यात तेल बदला. गिअरबॉक्सचे पट्टे इंजिनाच्याच तेलात चालतात, त्यांचा धागा सुटून तेलाच्या बारीक नळीत अडकतो आणि पुढचं बेअरिंग कोरडं पडतं. तेलाची पातळी बघायला दांडी नसते, क्रँककेसच्या मागे खाली-वर दोन तोट्या असतात : वरच्या तोटीतून तेल आलं तर पुरेसं आहे, खालच्यातूनही आलं नाही तर गाडी हलवू नका. शंभर मैल झाले की मागच्या हबचे नट पुन्हा आवळा आणि नवी कॉटर पिन घाला, जुनी सरळ करून पुन्हा वापरू नका. विमा मूल्य आधी ठरवून केलेला घ्या, नेहमीच्या गाडीचा विमा इथे उपयोगाचा नाही.

सीटखाली कायम असावं असं सामान : एक जादा ट्यूब, दोन कॉइल, फॅनचा पट्टा, कॉटर पिनांची डबी, तार, पाण्याचा डबा, पट्टे आवळायचा पाना, आणि उतारावर चाकाखाली लावायला लाकडाचे दोन ठोकळे.